बसबूसाची पेटी

११ जानेवारी

घरात साप आलाय. खरा. जिवंत!

आमच्या लेकीने, विसामने, कोटाच्या आत, उशीच्या अभ्र्यात घालून आणला. मला वाटलं मांजराचं पिल्लू असेल. जनावरांच्या दवाखान्यात कामाला लागल्यापासून काही ना काही आणतच असते. अभ्रा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तो हलला. इन्शिराह सोफ्यावर चढली. एकतीस वर्षांच्या संसारात बायकोला एवढ्या चपळाईने कशावरही चढताना पाहिलं नव्हतं.

"विषारी नाही, आई. अजगराच्या जातीची आहे, पण वाढून वाढून एवढीच. घाबरली की चेंडूसारखी गोळा होते, बस."

"आणि मी घाबरले की काय होतं, ते बघायचंय का तुला?"

दवाखान्याच्या दाराशी कुणीतरी मासळीच्या खोक्यात टाकून गेलं होतं. पोटाला तळहाताएवढं भाजलंय. ज्याने पाळली त्याने उबेसाठी आत नुसता उघडा दिवा सोडला होता म्हणे. "ऊब मिळते म्हणून चिकटून राहतात, बाबा. भाजतंय हे त्यांना फार उशिरा कळतं."

जखम भरेपर्यंत इथेच. मी विचारलं किती दिवस. म्हणाली, बघू.

सप्टेंबरपासून एवढं लांब बोलणं आमच्यात झालंच नव्हतं. लग्नाला अठरा दिवस राहिले होते आणि हिने अंगठी काढून शिहाबच्या घरी परत पाठवली. का? "मला नको." एवढंच. सगळं दुमियात शहर विचारायचं, काय झालं, उस्ता रिफअत? मी सांगायचो — नशीब. दोघांचा दोष नाही. नशिबात नव्हतं.

तेच सांगतो अजून.

१२ जानेवारी

प्लास्टिकच्या टबावर झाकण, झाकणावर वीट. दिवसभर माझ्या लाकडाच्या कारखान्यात पटाशी हातात आणि डोकं त्या विटेत.

१४ जानेवारी

वीट दोन बोटं सरकलेली! मी सरकवली नाही, इन्शिराह त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

आणि नेमकी आजच वरची उम्म झियाद खाली आली. सत्तरीची बाई, पण नजर घारीची. खोलीचं दार उघडं. तिची किंकाळी नाईलपलीकडे गेली असेल.

"रिफअत! तुझ्या घरात सैतान पाळलायस तू! माझ्या डोक्याखाली!"

"डोक्याखाली नाही काकू, पायाखाली," विसाम म्हणाली. तिने गप्प बसायला हवं होतं.

महिनाअखेरपर्यंत साप कुलूपबंद पेटीत नाही गेला तर पोलीस बोलावणार. तीन वेळा सांगून गेली. जिना चढताना चौथ्यांदा.

१५ जानेवारी

विसामने विचारलं, पेटी कराल का? मी म्हटलं, मी नव्या जोडप्यांचे पलंग करतो, सापांचे नाही.

"मग लाकूड द्या. मी करते."

"लाकूड काय झाडाला लागतं? भाव बघितलास का?"

"आहे ना पडलेलं. मागच्या खोलीत."

कारखान्याच्या मागच्या खोलीत तिच्याच लग्नाची बेडरूम आहे, म्हणजे सगळा फर्निचरचा संच. पलंग, आरसा, दोन छोटी टेबलं आणि चार दारांचं कपाट. रुमानियाचं बीच लाकूड. चौदा महिने केलं मी ते, दुसऱ्यांची कामं संपवून, उरलेल्या वेळात. कपाटाच्या दारांवर कोरलेली द्राक्षवेल — तसं काम माझ्या हातून परत होणार नाही. चादरी टाकून झाकून ठेवलंय.

"कपाट पुरेल," ती म्हणाली.

मी ताटावरून उठलो.

१७ जानेवारी, शुक्रवार

नमाज झाल्यावर कारखान्यात गेलो. कुलूप उघडं. आत ही!

चादर बाजूला काढलेली. चारही दारं उतरवून भिंतीला टेकवलेली. माझा हात उठला — खोटं लिहून काय करू, उठला. मग खाली गेला. चहाच्या ग्लासात स्क्रू होते. लांब वेगळे, आखूड वेगळे. बिजागऱ्या कापडावर ओळीने. ती चौदा वर्षांची असताना मी शिकवलं होतं तसं.

"कापलं नाहीये, बाबा. तुमच्याशिवाय कापणार नाही."

मी म्हटलं, दारांना हात लावायचा नाही. म्हणाली, दारं नकोतच, बाजू आणि तळ हवेत. तिने कागदावर काढून आणलं होतं: एकशेवीस लांब, साठ खोल, पंचेचाळीस उंच. पुढे सरकत्या काचा. एका बाजूला खाली भोकं, दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा फिरेल. दिव्याला जाळीचा पिंजरा. पेन्सिल जाईल एवढीही फट कुठे नको.

मापं चोख होती. एकच चूक — फळीची जाडी धरली नव्हती. मी खोडून दुरुस्त केलं. 

मग करवत मी घेतली. पहिला काप घालताना कुणीतरी माझंच पोट कापतंय असं झालं.

२१ जानेवारी

पॉलिश पूर्ण काढायचं, म्हणते. उबेत त्याचा वास सापाच्या फुप्फुसाला बाधतो. तीन दिवस घासतोय. दोघांचे केस पांढरे.

तिने विचारलं, "पॉलिशशिवाय काही लावलंय का याला?"

"पॉलिशच."

२४ जानेवारी

काचेसाठी खाच मारली. एका ओढीत, सरळ. "व्वा उस्ता!" असं तिच्या तोंडून निघून गेलं. मग दोघंही खाली बघून काम करायला लागलो.

२८ जानेवारी

आज साबरी हाज्जींचा माणूस आला. साबरी म्हणजे शिहाबचा मामा. माझ्या बेडरूम गेली बावीस वर्षं त्याच्याच शोरूममधून विकल्या जातात. सप्टेंबरपासून त्याने एक खिळा मागवला नाही. माणूस इकडेतिकडे बघून गेला. कापलेलं कपाट बघितलं. काही बोलला नाही. म्हणजे सगळं सांगणार.

संध्याकाळी कुलूप बसवलं. पितळी, जुनं, चांगलं. चावी फिरवून बघितली — खट्. पुन्हा फिरवली — खट्. आवडतो मला तो आवाज. वर बघतो तर विसाम नाही. बाहेर रस्त्यावर उभी होती, थंडीत, कोट न घालता. म्हटलं काय झालं? म्हणाली, भुसा नाकात गेला.

भुसा नव्हता. आज आम्ही काहीच कापलं नव्हतं.

३१ जानेवारी

पेटी घरी आली. चौघांनी उचलून. आत अर्धं फुटलेलं मातीचं मडकं लपायला, पाण्याचं भांडं, जाळीत दिवा. विसामने दोन्ही टोकांना तापमापक लावले. एकीकडे बत्तीस, दुसरीकडे सव्वीस. मग साप सोडला. हळूच सगळ्या कडा हुंगत फिरला, मडक्यात शिरला आणि डोकं बाहेर काढून बसला.

रंग तपकिरी, मध्ये सोनेरी ठिपके. इन्शिराह दारातूनच म्हणाली, "बसबूसाच्या वडीसारखा दिसतो गं, भाजलेल्या रव्याच्या." म्हणून नाव बसबूसा.

उम्म झियाद कुलूप ओढून बघून गेली. दोनदा.

१ फेब्रुवारी

दुपारी पेटीजवळ बसलो होतो. काच जराशी सरकवली. आतून उबेचा एक झोत आला आणि त्यात वास. पॉलिशचा नाही. उग्र, कडवट. ओळखीचा.

किडीचं औषध.

 वीस वर्षांपूर्वी एका नवरीचं कपाट परत आलं होतं, आत भुंगेरे, लोकांत छी:थू. तेव्हापासून प्रत्येक कपाटाला आतून दोन हात औषध पाजतो. सवयीने. हात धुतल्यासारखं — लक्षातही राहत नाही. पॉलिश पेपरने वरचं जातं. हे खोल मुरलेलं असतं. आणि आता खाली दिवा तापतोय.

हे लिहितोय आणि विसाम बाहेरच्या खोलीत आईशी हसतेय. चार महिन्यांनी हसतेय.

कदाचित थोडंसंच असेल. कदाचित उडून जाईल. उद्या बघू.

२ फेब्रुवारी

बघितलं आज.

सकाळी बसबूसा मडक्याबाहेर पडलेली. मान उलटी वळवून, तोंड छताकडे. विसामने उचललं तर सरळ होता येईना. पोटाकडून पाठीकडे गडबडत होती, अंगातून बारीक थरथर. तोंड उघडं.

"काय झालं हिला? कालपर्यंत ठीक होती! बाबा, काय झालं?"

मी म्हटलं, "औषध आहे फळीत. किडीचं."

तिने माझ्याकडे बघितलं. "कधी कळलं तुम्हाला?"

"काल."

"काल कधी?"

"दुपारी."

ओरडली असती तर बरं झालं असतं. कोमट पाण्यात बसबूसाला हलक्या हाताने धुवायला लागली, पुन्हा पुन्हा, आणि पाण्याकडे बघूनच बोलली — "तुम्हाला कळलं होतं. आणि तुम्ही गप्प बसलात. तेव्हासारखेच."

"तेव्हा म्हणजे?"

बसबूसाला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात पळाली.

मी पेटी ओढत अंगणात नेली. हातोडी घेतली, पण फोडली नाही. फोडून काय होणार होतं. नुसता तिच्यासमोर बसून राहिलो.

३ फेब्रुवारी

जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. उबेत ठेवा, मोकळी हवा द्या, धक्का लागू देऊ नका. पुन्हा टबात. यावेळी झाकणावर वीट नाही. तिला चढताच येत नाही.

४ फेब्रुवारी

वादळ. दुपारी दोनला वीज गेली. दिवा बंद, खोली गार. इन्शिराहने — हो, इन्शिराहने! — बाटल्यांत गरम पाणी भरलं, माझ्या जुन्या लोकरी मोज्यांत घातल्या आणि टबाच्या बाजूला लावल्या. डोळे मिटून, तोंडाने कुराणातल्या आयता पुटपुटत, पण लावल्या. दर तासाला बदलल्या. वीज सहाला आली.

विसाम माझ्याशी बोलत नाही.

६ फेब्रुवारी

उम्म झियाद खाली आली. "ओरडण्याचा आवाज नाही, भांडणाचा नाही. मेली की काय ती दळभद्री?"

विसामने टबातला टॉवेल बाजूला केला. म्हातारी लांबूनच वाकली. बराच वेळ बघत राहिली. बसबूसाने मान वळवली, पुन्हा उलटी.

"माझ्या यजमानांची मान शेवटी अशीच वळायची," म्हणाली. मग माझ्यावर डाफरली — "आणि तू रे, चाळीस वर्षं लाकडात घातलीस आणि तुला साधी विषाशिवायची फळी मिळेना?"

गच्चीवर आहेत म्हणे. नवऱ्याची बेकरी बंद झाली तेव्हाच्या पावाच्या फळ्या. कच्ची कणीक त्यांवर ठेवून फुगवायचे. "माणसांनी पाव खाल्ला त्यांवरचा. कुठलं औषध मारणार त्यांना? घेऊन जा. माझ्या वरवंट्याशेजारी जागा अडवून बसल्यात."

मी वर गेलो. ताडपत्रीखाली अठ्ठावीस फळ्या. चार पावसाने वाकलेल्या, बाकी खणखणीत. कडांना अजून कोंडा चिकटलेला. मी एक फळी नाकाशी धरली. पिठाचा वास. जिभेने चाटूनही बघितली — कुणी बघत नव्हतं.

९ फेब्रुवारी

विसाम स्वतःहून कारखान्यात आली. एप्रन बांधला. मी विचारायच्या आत म्हणाली, "बसबूसासाठी आलेय."

फळ्या अरुंद आहेत. जोडून रुंद कराव्या लागतील. सरस कसला वापरायचा यावर अर्धा तास बोललो. मी प्रत्येक डबा तिच्या हातात दिला. वाच, म्हटलं. तू वाच, मग मी लावतो.

११ फेब्रुवारी

बसबूसा आज तीनदा सरळ झाली. चौथ्यांदा पडली.

१३ फेब्रुवारी

आज कुलूप बसवायची वेळ आली. जुन्या पेटीचंच काढून आणलं होतं. चावी घातली आणि थांबलो. तिच्याकडे बघितलं. तोंड पांढरंफटक.

मी कुलूप खाली ठेवलं. म्हटलं, विसाम, मी विचारतोय. तेव्हा काय झालं होतं?

रंध्यावरचा भुसा बोटाने गोळा करत करत तिने सांगितलं. थांबत थांबत. जुलैत दोघं नव्या घरात गेले होते, कपाटासाठी भिंत मोजायला. शिहाब म्हणाला, दवाखाना सोड. ती म्हणाली, नाही. तर म्हणाला, बरं, इथेच बसून विचार कर. फोन घेतला, दार ओढलं, चावी फिरवली. दुपारी एक ते संध्याकाळी सात. उन्हाळ्यात, बंद खोलीत, पाण्याशिवाय. सातला दार उघडून हसला. म्हणाला, आता नरम पडलीस.

"आईला सांगितलं. ती म्हणाली, गरम डोक्याचा आहे, लग्न झालं की निवळेल. मग तुम्हाला सांगायला आले. तुम्ही द्राक्षवेल कोरत होतात. मी म्हटलं, बाबा, शिहाबने मला कोंडून ठेवलं. तुम्ही वर न बघता म्हणालात — भांडण झालं का? मिटवून टाका."

मला आठवेना. हेच सगळ्यात वाईट. मला आठवतच नाही! वेलीतली कुठली पानं मी त्या दिवशी कोरली ते मी सांगू शकेन.

 माफ कर म्हटलं. तिने मान हलवली — हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मग म्हणाली, कुलुपाऐवजी कडी लावू. दोन लाकडी खुंट्या. सापाला उघडता येत नाहीत.

खुंट्या मी घरी बसून तासल्या.

१६ फेब्रुवारी

इन्शिराहला विचारलं. खूप रडली. "मला वाटलं पुरुष असतातच असे." मी असा होतो का? विचारलं नाही. घाबरलो.

१८ फेब्रुवारी

पेटी पूर्ण! दोन दिवस रिकामी तापवून ठेवली. विसामने आत डोकं घालून श्वास घेतला, मग मी, मग उम्म झियादने — तिला कुणी सांगितलंही नव्हतं. "बेकरीसारखा वास येतो," म्हणाली आणि ओढणीचं टोक डोळ्याला लावलं.

बसबूसाला सोडलं. चाल अजून वाकडी आहे, डावीकडे झुकते. डॉक्टर म्हणतात कदाचित कायमची. माझ्यामुळे. पण संध्याकाळी तिने उंदीर धरला. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा धरला. इन्शिराह किंचाळली आणि टाळ्याही वाजवल्या, एकाच वेळी.

२० फेब्रुवारी

साबरी हाज्जी स्वतः आला. चहा मागवला — माझ्या कारखान्यात, माझ्यासाठी!

उन्हाळ्याच्या लग्नसराईसाठी बारा बेडरूम. झालं गेलं नाईलला मिळालं, म्हणाला. शिहाबचंही ठरतंय, फारसकूरकडची मुलगी, मोठं घर. "लोक विचारतात रे, आधीचं का मोडलं. आम्ही म्हणतो नशीब. तूही आजवर तेच म्हणालास, मोठ्या मनाचा माणूस आहेस. तेच म्हणत राहा."

विसाम आतल्या खोलीत पेटीच्या जादा खुंट्यांना पॉलिश पेपर मारत होती. आवाज थांबला होता.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही! चहा प्यायलो. त्याचा हात हातात घेतला. तो गेल्यावर आतून पुन्हा आवाज सुरू झाला. खर्र, खर्र, खर्र. खुंट्या केव्हाच गुळगुळीत झाल्या होत्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मशिदीत बसवेना. घरी येऊन पेटीसमोर बसलो. बसबूसा काचेला लागून होती. मी तिलाच म्हटलं, बारा बेडरूम आहेत. वर्षभराचं काम. जीभ बाहेर काढून आत घेतली तिने.

२३ फेब्रुवारी

सकाळी एक माणूस आला. साठीचा, धुतलेली पायघोळ गलाबिया, हातात मुशब्बक मिठाईचा पुडा. फारसकूरचा. बसायला सांगितलं तरी उभाच. म्हणाला, माझी धाकटी आहे, वीस वर्षांची. उद्या शिहाबशी बोलणी पक्की करायचीत. लोक म्हणतात उस्ता रिफअत लाकडाबाबत खोटं बोलत नाही, म्हणून आलो. तुमच्या मुलीचं का मोडलं? नशीबच ना?

मी आत हाक मारली. विसाम आली, हाताला भुसा. तिला म्हटलं, हे विचारायला आलेत. तू सांगतेस की मी सांगू? की कुणीच नको? तू म्हणशील तसं.

तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. स्वतःसाठी एक ओढली. बसली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही सांगा, बाबा. मला ऐकायचंय."